चंदावलाचा मान

(परतूर ते पानिपत या मार्गाने उन्हाळी मोटारसायकल मोहिमेवर निघणाऱ्या तरुणांच्या पूर्वतयारी वर्गात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन.)



परीक्षा संपल्या, आंब्याला पाड लागला की महाराष्ट्रातील तरुणांचे पाय घरात ठरत नाहीत. एके काळी हा तरुण पाठीवर पडशी टाकून गडकोटांवर जात असे. आज त्याच्या हाती मोटारसायकल आली आहे. दहा-वीस मित्र जमतात, नकाशा पसरला जातो आणि कोकणकिनाऱ्यापासून लडाखपर्यंतचे बेत आखले जातात. अलीकडच्या काळात या बेतांत पानिपतचे नाव आवर्जून येऊ लागले आहे, ही समाधानाची गोष्ट होय. जो समाज आपल्या पराभवाच्या भूमीवरही नतमस्तक होण्यास जातो, तो समाज खऱ्या अर्थाने इतिहास पचवू शकतो.

परंतु सहल आणि मोहीम यांत अंतर आहे. सहलीत प्रत्येक जण स्वतःच्या आनंदासाठी निघतो आणि कंटाळला की परत फिरतो. मोहिमेत एक उद्दिष्ट असते, एक नायक असतो आणि निघालेल्या प्रत्येकाचे उत्तरदायित्व सर्वांवर असते. वाहन, झेंडा आणि घोषणा दोन्हींत सारख्याच असू शकतात. फरक दिसतो तो मे महिन्यातल्या भर दुपारी, जेव्हा विसातील एकाला भोवळ येऊ लागते आणि तो ते कोणाला सांगत नाही. त्या क्षणी पुढच्यांना मागे वळून पाहण्याची सवय आहे की नाही, यावर सर्व काही अवलंबून असते.

भाऊसाहेबांचा उन्हाळा

सदाशिवरावभाऊंची उत्तरेची कूच हीसुद्धा उन्हाळ्यातलीच होती, हे सहसा ध्यानात घेतले जात नाही. पानिपत म्हटले की डोळ्यांसमोर १४ जानेवारी १७६१ चा हिवाळी दिवस उभा राहतो. त्या दिवसाची वाट मात्र वैशाखवणव्यातून गेली होती.

१७६० च्या फेब्रुवारीत उदगीरला निजामाचा पराभव झाला. तत्पूर्वी १० जानेवारीस यमुनेच्या काठी बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे धारातीर्थी पडले होते. ती वार्ता दक्षिणेत पोहोचताच आजच्या जालना जिल्ह्यातील परतूर येथे खलबते झाली आणि मार्चच्या मध्यास भाऊसाहेब व विश्वासराव सैन्यासह उत्तरेकडे निघाले. सिंदखेड, बऱ्हाणपूर मागे टाकून एप्रिलच्या मध्यास हंडियाजवळ नर्मदा ओलांडली गेली. पुढे सिहोर, सिरोंज, नरवर. ग्वाल्हेर गाठेपर्यंत मे महिना सरत आला आणि चंबळ उतरली तेव्हा जून उजाडला होता. दिल्ली हाती आली ती ऑगस्टच्या प्रारंभी.

आज हे सारे अंतर रस्त्याने चौदाशे किलोमीटरच्या आसपास भरते. मोटारसायकलीला त्यासाठी सहा-सात दिवस पुरतात. परतुरापासून चंबळेपर्यंतच त्या सैन्याचे जवळजवळ तीन महिने गेले. कारण ते केवळ सैन्य नव्हते. त्यात अवजड तोफखाना होता, तोफा ओढणारे बैल होते, बाजारबुणगे होते, कुटुंबकबिला होता आणि लष्कराच्या सावलीत काशी-मथुरेचे दर्शन घडावे म्हणून निघालेले यात्रेकरूही होते. माळव्याच्या पठारावरील एप्रिल-मे महिन्यांत हजारो माणसांना आणि जनावरांना दररोज पाणी आणि वैरण मिळवून देणे, हेच एक युद्ध होते. त्यातच पुढे पावसाळा आला, यमुनेला पूर चढला आणि नदी उतरून अंतर्वेदीत शिरण्याचा बेत राहून गेला. आरंभीच्या मंद गतीची किंमत ही अशी शेवटी चुकवावी लागते.

कबिला आणि अवजड सामान मागे सुरक्षित ठिकाणी ठेवून हलक्या फौजेनिशी पुढे जावे, असा सल्ला मल्हारराव होळकर व सूरजमल जाट यांनी दिल्याचे त्या काळचे वृत्तान्त सांगतात. त्या सल्ल्याविषयी इतिहासकार आजवर वाद घालत आले आहेत. मोहिमेवर निघणाऱ्या तरुणांनी त्या वादाचा निकाल लावण्याची आवश्यकता नाही. परंतु त्यातून निघणारा नियम त्यांनी शिरोधार्य मानावा. कोणाला बरोबर घ्यायचे याचा निर्णय निघण्यापूर्वी कठोरपणे करावा. एकदा बरोबर घेतले, की त्याचा भार हा सर्वांचा भार होतो.

म्हणून ज्याला लांबच्या प्रवासाची सवय नाही, ज्याला नुकताच ताप येऊन गेला आहे, ज्याच्या वाहनाचे टायर झिजलेले आहेत, त्याला मैत्रीखातर नेऊ नये. "चल रे, काही होत नाही" हे वाक्य प्रेमाचे वाटते, पण त्यात जबाबदारी नसते. घरी थांबविलेला मित्र चार दिवस रुसेल. सिरोंजच्या रस्त्यावर कोसळलेला मित्र आयुष्यभराचे दुःख देऊन जाईल.

ऊन कसे गाठते?

तरुणांचा असा समज असतो की, गाडी वेगात असली म्हणजे वारा लागतो आणि ऊन जाणवत नाही. हा समज घातक आहे. माणसाच्या त्वचेचे तापमान साधारण पस्तीस अंशांच्या घरात असते. हवा त्याहून थंड असेल तोवर वारा शरीरातील उष्णता काढून नेतो. हवा बेचाळीस-त्रेचाळीस अंशांवर गेली की तोच वारा भट्टीच्या तोंडून यावा तसा उष्णता आणून देतो. मग शरीराजवळ एकच उपाय उरतो, तो घामाचा. घाम वाळताना त्वचा थंड होते. पण कोरड्या, वेगवान वाऱ्यात तो इतक्या झपाट्याने वाळतो की, घाम येतो आहे हेच कळत नाही. अंगातले पाणी आणि मीठ निघून जाते आणि स्वाराला मात्र वाटते, "आज काही फारसे गरम नाही."

उघडे दंड आणि गळ्याशी मोकळा सदरा हा म्हणूनच शहाणपणाचा वेश नव्हे. पूर्ण बाह्यांचे, फिकट रंगाचे, सैलसर सुती वस्त्र, त्यावर वारा खेळू देणारे पण अंग झाकणारे जाकीट आणि मानेभोवती ओला पंचा हाच उन्हाळ्यातला वेश. राजस्थानातील गुराखी भर उन्हात अंगभर कपडे आणि डोईवर भले मोठे पागोटे घालतो, ते हौसेसाठी नव्हे. त्याच राजस्थानात फलोदी येथे १९ मे २०१६ रोजी ५१ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली होती. अशा प्रदेशात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांच्या पोशाखात शास्त्र भरलेले असते.

उष्माघाताची चाहूल आधी लागते. डोके दुखते, पोटऱ्यांत गोळे येतात, मळमळते, लघवी गडद होते. त्यानंतरचे लक्षण अधिक महत्त्वाचे आहे, ते म्हणजे स्वभाव बदलतो. हसरा मुलगा चिडचिड करू लागतो, बडबड्या गप्प होतो, विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर भलतेच देतो. शरीराचे तापमान चाळीस अंशांच्या पुढे गेले आणि भान हरपू लागले, तर तो क्षण जीवन-मरणाचा असतो. अशा वेळी त्याला सावलीत आडवे करावे, कपडे सैल करावेत, अंगावर पाणी शिंपडून जोराने वारा घालावा, मान, काखा व जांघांत बर्फ किंवा गार ओली फडकी ठेवावीत आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते. अंग गार करण्याचे काम रुग्णवाहिकेची वाट पाहत थांबवू नये.

परंतु तिथवर वेळ येऊच नये, यासाठी दिनक्रम बांधून घ्यावा लागतो. पहाटे पाचला प्रस्थान, साडेदहा-अकराच्या सुमारास थांबा, दुपारभर सावलीत विश्रांती, साडेचारनंतर पुन्हा प्रवास आणि अंधार पडण्यापूर्वी मुक्काम. दिवसाकाठी सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर पुरेत. टायरमधील हवा पहाटे, चाके थंड असतानाच तपासावी. साखळीला तेल, ब्रेकची परीक्षा आणि इंजिनातील तेलाची पातळी ही मोटारसायकलीची प्रातःसंध्या होय. ती चुकवून चालत नाही. भाऊसाहेबांच्या घोड्यांना दुपारी सावली लागत असे. लोखंडाच्या घोड्याला आणि त्यावरील स्वारालाही ती लागतेच.

बिनी आणि चंदावल

मराठी लष्करात सैन्याच्या पुढे चालणाऱ्या तुकडीस बिनी म्हणत आणि पिछाडी सांभाळणाऱ्या तुकडीस चंदावल. बिनीवाल्याचे नाव होते, पोवाड्यांत त्याचे वर्णन येते. चंदावलाचे काम मूक असते. मागे पडलेल्याला उचलणे, पाठीवरचा हल्ला अंगावर घेणे आणि सर्वांत शेवटी मुक्कामी पोहोचणे. तथापि, स्वराज्याच्या इतिहासातील एक अत्युच्च क्षण चंदावलाचाच आहे. जुलै १६६० मध्ये महाराज विशाळगडाकडे पुढे निघाले आणि बाजीप्रभू देशपांडे खिंडीत मागे उभे राहिले. पुढचे सुखरूप पोहोचावेत म्हणून मागे थांबणे, हे त्या बलिदानाचे सार आहे.

मोटारसायकलींच्या ताफ्यातही हीच रचना हवी. वीस वाहनांची एकच रांग करू नये. पाच-पाच, सहा-सहांची पथके करावीत, प्रत्येक पथकाला प्रमुख असावा. गटनायकाची योजना ठाऊक असलेल्या कार्यकर्त्यांना हे नव्याने समजावण्याचे कारण नाही. सर्वांत पुढे मार्ग जाणणारा. त्याच्या लगेच पाठीमागे पथकातील सर्वांत नवखा स्वार, म्हणजे त्याच्या गतीवर सर्वांची गती ठरेल. सर्वांत शेवटी सर्वांत अनुभवी. प्रथमोपचाराची पेटी, पंक्चर काढण्याचे साहित्य आणि जादा पाणी त्याच्यापाशी. सरळ रस्त्यावर डावी-उजवी अशी आलटून-पालटून मांडणी, दोन वाहनांत पुरेसे अंतर. घाटात आणि वळणावर एकामागे एक.

आणि एक नियम असा, जो सर्व नियमांचा राजा आहे. प्रत्येक फाट्यावर, मागचा स्वार आरशात दिसेपर्यंत पुढच्याने वळायचे नाही. मागचा दिसला नाही तर थांबायचे. त्याच्या पुढचाही मग आपोआप थांबतो आणि पाहता पाहता सारे पथक थांबते. कोणीही ओरडावे लागत नाही, कोणाचा भ्रमणध्वनी वाजावा लागत नाही. प्रत्येकाने केवळ आपल्या मागच्या एकाची काळजी वाहिली, तर संपूर्ण रांग सुरक्षित राहते. संघटनशास्त्राचा याहून सोपा पाठ सापडणे कठीण. संचलनात सर्वांत उंच स्वयंसेवकाला आपले पाऊल आखडते घ्यावे लागते आणि पुढची ओळ अडली की मागच्याला मितकाल करावा लागतो. त्याने त्याची उंची कमी होत नाही.

रचना मोडली की काय होते, हेही पानिपतानेच शिकविले आहे. इब्राहिमखान गारद्याच्या शिस्तबद्ध पायदळ-तोफखान्याच्या आधाराने सैन्याने गोल बांधून पुढे सरकावे, अशी त्या दिवसाची योजना होती. गारदी आपल्या जागी झुंजत राहिले. परंतु घोडदळाची काही पथके समोरचा शत्रू डळमळताना पाहून आवेशाने पुढे धावली आणि गोलाला भगदाड पडले. त्यांच्या शौर्याबद्दल कोणी शंका घेणार नाही. पण शिस्तीवाचूनचे शौर्य आपल्याच बाजूला उघडे पाडते. महामार्गावर पथक सोडून शंभराच्या वेगाने पुढे निघून जाणारा तरुण भित्रा नसतो. तो केवळ गोल फोडत असतो.

फेटा आणि शिरस्त्राण

येथे एक अप्रिय गोष्ट आपल्याच माणसांत बसून बोलली पाहिजे. जयंती-उत्सवांच्या दुचाकी फेऱ्यांत भगवे फेटे बांधलेले, शिरस्त्राण न घातलेले शेकडो तरुण दिसतात. एकेका गाडीवर तिघे, हातात ध्वज, कानठळ्या बसविणारा आवाज. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या मातेच्या मनात त्या वेळी अभिमान जागा होतो की धास्ती, याचा विचार आयोजकांनी प्रामाणिकपणे करावा.

२०२२ या एका वर्षात भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली, असे केंद्र सरकारचा अहवाल सांगतो. त्यांतील शंभरात चव्वेचाळीसहून अधिक दुचाकीवरचे होते आणि शिरस्त्राण नसल्याने दगावलेल्यांची संख्या पन्नास हजारांवर होती. कोणतेही युद्ध नसताना, कोणताही शत्रू समोर नसताना, एवढे तरुण रक्त दरवर्षी डांबरावर सांडते. राष्ट्राची शक्ती वाढवू इच्छिणाऱ्यांना हा प्रश्न आपला वाटला पाहिजे.

शिवछत्रपती १६५९ च्या नोव्हेंबरात प्रतापगडाच्या पायथ्याशी अफजलखानाच्या भेटीस गेले, तेव्हा त्यांनी अंगरख्याखाली चिलखत चढविले होते. त्यामुळे त्यांच्या धैर्यास उणेपणा आला, असे म्हणण्याची कोणाची छाती आहे? आपला देह हे स्वराज्याचे धन आहे, ते निष्काळजीपणाने उधळायचे नाही, हा त्यामागील विचार होता. त्यांचे नाव घेणाऱ्याने शिरस्त्राणाला भ्याडपणा समजावे, हा विपर्यास होय. फेटा मुक्कामी बांधावा, स्मारकापुढे बांधावा, मानाने बांधावा. रस्त्यावर आयएसआय चिन्हांकित शिरस्त्राणच असावे आणि त्याचा पट्टा हनुवटीखाली आवळलेला असावा. मागे बसणाऱ्यालाही तोच नियम. जो या नियमाला हसेल, त्याला पथकप्रमुखाने पहिल्याच मुक्कामावरून परत पाठवावे. यात रुसवे-फुगव्यांची भीड धरू नये.

पाण्याचे ऋण

माळव्यातून जाताना या तरुणांच्या बाटल्या वारंवार रिकाम्या होतील. तेव्हा त्यांनी पुण्यश्लोक अहिल्यादेवींचे स्मरण करावे. १७६७ पासून १७९५ पर्यंत महेश्वरी बसून त्यांनी राज्यकारभार केला, पण त्यांच्या विहिरी, बारवा, घाट आणि धर्मशाळा होळकरांच्या राज्याची सीमा ओलांडून साऱ्या भारतभर पसरल्या. तीर्थयात्रेला निघालेला मनुष्य कोणत्या प्रांताचा, कोणत्या जातीचा, हे त्या विहिरीने विचारले नाही. गावोगावची पाणपोई आणि उत्तरेतील प्याऊ ही त्याच विचाराची अपत्ये. राष्ट्राची एकात्मता भाषणांतून सांगितली जाते त्याहून अधिक ती अशा ओंजळभर पाण्यातून टिकून राहिली आहे.

पाणी कसे द्यावे, याचे शास्त्र आधुनिक काळात एका भारतीय डॉक्टरांनी जगाला करून दाखविले. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातील अत्याचारांमुळे निर्वासितांचे लोंढे बंगालमध्ये आले आणि बनगावच्या छावणीत पटकीने थैमान घातले. शिरेतून देण्याचे द्रावण संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनाबिस यांनी मीठ-साखरेचे पाणी तोंडावाटे देण्याची पद्धत तेथे मोठ्या प्रमाणावर राबविली आणि मृत्यूचे प्रमाण कमालीचे घटले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देऊन राष्ट्राने ऋण व्यक्त केले. एक लिटर स्वच्छ पाणी, सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, एवढेच ते साधन. घाम गाळणाऱ्या स्वारालाही नुसत्या पाण्याबरोबर मीठ लागते. पन्हे, ताक, लिंबाचे सरबत ही आपल्या घरातलीच पेये आहेत. तहान लागण्याची वाट न पाहता, दर थांब्यावर थोडे-थोडे प्यावे. पाणी पाजणारा हा मोहिमेतील दुय्यम माणूस नव्हे.

इतिहास याला साक्ष आहे. पानिपतच्या रणांगणातून पायाला जबर जखम झालेले महादजी शिंदे वाचले, ते राणेखान नावाच्या भिस्त्यामुळे. पाठीवर पखाल वाहणाऱ्या त्या माणसाने जखमी महादजींना आपल्या बैलावर घालून दूर नेले. महादजींनी त्याला पुढे भाऊ मानले, सरदारकी दिली. आणि मागे न टाकला गेलेला तो जखमी वीर दहाच वर्षांनी, १७७१ मध्ये, मराठी फौजांसह पुन्हा दिल्लीत शिरला. त्याच काळात भरतपूरच्या सूरजमल जाटाने, आधीचे मतभेद विसरून, रणातून परतणाऱ्या हजारो भुकेल्या, उघड्या माणसांना अन्न-वस्त्र दिले. पानिपताला केवळ पराभवाची कथा म्हणणाऱ्यांनी ही दोन पाने वाचलेली नसतात. एक पखालवाला आणि एक शेजारी राजा यांनी त्या दिवशी राष्ट्राचे चंदावल सांभाळले.

पोहोचण्याचा हिशेब

पानिपत शहराजवळ काला आंब येथील स्मारकापाशी ही मोहीम संपेल. हरियाणातील रोड समाज आपले नाते त्या युद्धातील मराठ्यांशी सांगतो. त्यांच्या घरचा पाहुणचार लाभला तर तो नम्रतेने घ्यावा. तेथे ध्वज लावला जाईल, माती कपाळी लागेल, छायाचित्रे काढली जातील. ते सर्व यथायोग्यच आहे.

तथापि, त्याआधी एक साधे काम व्हावे. शेवटच्या पथकाचा शेवटचा स्वार, धुळीने माखलेला, येऊन थांबेपर्यंत कोणी स्मारकाकडे पाऊल टाकू नये. मग संख्या मोजावी. निघताना जितके, पोहोचताना तितकेच, हा हिशेब जुळला म्हणजे मोहीम यशस्वी. किती तासांत पोहोचलो, किती अंश तापमानात चाललो, हे सांगण्यासारखे काही नाही. आणि ध्वजापुढे पहिले पुष्प वाहण्याचा मान बिनीच्या स्वाराला न देता, चौदाशे किलोमीटर सर्वांची धूळ खात मागे राहिलेल्या त्या शेवटच्या स्वाराला द्यावा.

मागच्याला घेऊन पुढे जाणारा समाजच दूर जातो. हे व्रत उन्हातल्या सात दिवसांत ज्याच्या अंगी बाणेल, तो गावी परतल्यावर आपली वस्ती, आपली शाखा आणि आपला समाज यांतही कोणाला मागे पडू देणार नाही. प्रवास सुखाचा होवो.